'सूचित संमती' की 'माहितीपूर्ण संमती'?

प्रश्न असा आहे: माणसांवर होणाऱ्या संशोधनाच्या कागदपत्रांत 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'साठी, म्हणजे सहभागी व्यक्तीने सगळे समजून घेऊन दिलेल्या संमतीसाठी, कुठे 'सूचित संमती', कुठे 'माहितीपूर्ण संमती', तर कुठे नुसते 'सहमती' असते. यांतला योग्य शब्द कोणता? आणि 'संमतीपत्र' लिहावे की 'संमतिपत्र'?

लेखनाचे आधी सांगतो. सुटा शब्द 'संमती', समासात 'संमतिपत्र'. कवी पण कविसंमेलन, बुद्धी पण बुद्धिमत्ता, तसेच हे.

'सूचित संमती' मात्र मराठीत मुळीच वापरू नये. हा शब्द हिंदीतून जसाच्या तसा उचललेला आहे. हिंदीत 'सूचना' म्हणजे माहिती. त्यांचा 'सूचना का अधिकार' आपल्याकडे 'माहितीचा अधिकार' होतो. मराठीत 'सूचना' म्हणजे काय करावे याचे सांगणे, आणि 'सूचित' म्हणजे उघड न बोलता सुचवलेले. त्यामुळे मराठी वाचकाला 'सूचित संमती'चा अर्थ लागतो तो 'तोंडाने न दिलेली, पण वागण्यावरून गृहीत धरलेली संमती' असा. म्हणजे जे टाळण्यासाठी संमतिपत्र असते, नेमके तेच या शब्दातून ध्वनित होते. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन संशोधनात चालत नाही. गप्प बसलेला माणूस घाबरलेला असेल, त्याला काही कळलेले नसेल किंवा समोरच्या डॉक्टरांना नाही म्हणणे त्याला अवघड जात असेल.

'सहमती' हा शब्द दोन बरोबरीच्या पक्षांचे चर्चेअंती एकमत होते तेव्हाचा. सहभागी व्यक्तीने संशोधकाच्या मताशी जुळवून घ्यायचे नसते. तिने आपल्या शरीराबद्दल, आपल्या माहितीबद्दल निर्णय द्यायचा असतो. त्यासाठी 'संमती'च हवी. 'परवानगी' संस्थेची, 'मान्यता' नैतिकता समितीची (संशोधन नीतीला धरून आहे ना, हे तपासणाऱ्या समितीची) आणि 'संमती' सहभागी व्यक्तीची, असा भेद पाळला तर कागदपत्रे वाचताना कोणी काय दिले यात घोळ होत नाही. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत कायदेशीर संमती पालकांची असते. मुलाला त्याच्या वयाला कळेल अशा भाषेत विचारून जे मिळवायचे, त्याला 'होकार' म्हणावे. 'सज्ञान संमती' हा पर्यायही कधीकधी सुचवला जातो, पण 'सज्ञान' म्हणताच वयाचा कायदेशीर अर्थ डोळ्यांपुढे येतो. तो सोडून द्यावा.

आता उरला 'माहितीपूर्ण'. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेल्या १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेच्या दहा कलमांतले पहिलेच कलम ऐच्छिक संमतीचे आहे. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट' ही शब्दजोडी १९५७मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयीन निकालात आली. पुढे संशोधनातल्या नीतीविषयीच्या १९७९च्या अमेरिकी बेलमाँट अहवालाने संमतीचे तीन घटक सांगितले: माहिती, आकलन आणि ऐच्छिकता. 'माहितीपूर्ण'मध्ये यांतला पहिलाच घटक येतो. शिवाय 'माहितीपूर्ण लेख' म्हणजे माहितीने भरलेला लेख. इथे भरायचे आहे ते माणसाच्या मनात, संमतीत नव्हे. तरी हा शब्द रुळलेला आहे आणि दिशाभूल करत नाही, म्हणून शोधनिबंधात तो चालेल. सहभागी व्यक्तीच्या हातात जाणाऱ्या कागदावर मात्र 'समजून-उमजून, स्वेच्छेने दिलेली संमती' असे मोकळे लिहावे. मथळा लांबतो, लांबू द्यावा.

शब्दांचा इतका कीस का काढायचा, याचे उत्तर टस्कीगीच्या अभ्यासात आहे. १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर तो केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संसर्गाचा आजार होता, २०१ जणांना नव्हता. त्यांना आजाराचे नाव सांगितलेच नाही. 'रक्त वाईट आहे' एवढेच सांगितले. पाठीच्या कण्यातून पाणी काढणे ही निव्वळ तपासणी होती, तिला पत्रात 'खास मोफत उपचार' म्हटले. सिफिलिस बरा करणारे पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. माणसे आपल्या पायांनी आली, पण कशासाठी आलो हे त्यांना ठाऊक नव्हते. अशा होकाराला संमती म्हणता येत नाही.

म्हणून माहितीपत्रकातले बाकीचे शब्दही तितक्याच काळजीने पाहावेत. 'चाचणी' म्हटले की लोकांना रक्त-लघवीची तपासणी आठवते. औषधाची चाचणी असेल तर 'हे औषध उपयोगी आणि सुरक्षित आहे का, हे अजून शोधले जात आहे' असे वाक्यच लिहावे. 'यादृच्छिक' ऐवजी 'तुम्ही कोणत्या गटात जाल हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरेल, डॉक्टर ते निवडणार नाहीत'. '५ मिली रक्त' यापुढे 'एक लहान चमचाभर' जोडावे. 'गोपनीय' आणि 'निनावी' यांची सरमिसळ तर फार होते. नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी कुलपात का होईना पण ठेवली असेल, तर माहिती गोपनीय आहे, निनावी नाही. तिथे 'निनावी' लिहिणे म्हणजे खोटे आश्वासन. 'माघार घेणे' या शब्दाला पराभवाचा वास आहे; 'सहभाग केव्हाही थांबवू शकता, कारण सांगण्याची गरज नाही' हे बरे. 'प्रयोगविषय' तर केव्हाच मागे पडायला हवा होता. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने संशोधनासाठी केलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४च्या आवृत्तीनेही 'सहभागी' हाच शब्द स्वीकारला आहे.

आणखी एक खोड व्याकरणाची. 'मला सर्व माहिती देण्यात आली आहे' या कर्मणी वाक्यात माहिती देणारा गायब होतो, आणि 'सर्व'मध्ये काय काय आले तेही कळत नाही. त्याऐवजी '___ यांनी मला हेतू, कालावधी, धोके आणि इतर उपचारांचे पर्याय सांगितले' असे, सांगणाऱ्याचे नाव असलेले वाक्य लिहावे. सहीआधी 'समजले का?' असे विचारू नये, कारण त्याला 'हो' हे उत्तर ठरलेले असते. 'तुमच्या शब्दांत सांगा, यात तुमच्यावर काय काय केले जाईल?' असे विचारावे. उत्तर अडखळले तर कागद बाजूला ठेवून तो भाग पुन्हा समजावून सांगावा आणि सही त्यानंतरच घ्यावी.