आधी वाण्याचं दुकान, मग पदक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

स्कॉटलंडहून पाठवलेला तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण दुसऱ्या महायुद्धातल्या जॉर्ज थॉम्पसनची गोष्ट तू व्हिक्टोरिया क्रॉसपासून, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकापासून, सुरू केलीस आणि पहिल्याच ओळीत त्याचा पुतळा झाला. त्याला आधी पोर्टमोकच्या शाळेत बसव. लॉक लेव्हन तळ्याच्या काठचा हा मुलगा किनरॉसमध्ये एका वाण्याच्या दुकानात काम शिकत होता. हवाई दलातही सुरुवातीला तो जमिनीवरच वायरलेस सांभाळायचा. विमानातली जागा त्याने स्वतः मागून घेतली. हे सगळं तू दोन ओळींत उरकलंस. गावाला आठवायचाय तो हाच मुलगा.

1 जानेवारी 1945 चा प्रसंग लिहिताना मात्र विशेषणं काढून टाक. जर्मनीतल्या डॉर्टमुंड-एम्स कालव्यावर बॉम्ब टाकून होताच त्याच्या लँकॅस्टर बॉम्बर विमानाला तोफगोळे लागले, आग भडकली. वरच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या घुमटात, तोफची पॉट्स बेशुद्ध पडला होता. तळाला पडलेल्या भगदाडाच्या कडेकडेने जाऊन थॉम्पसनने त्याला बाहेर ओढलं, पेटलेले कपडे नुसत्या हातांनी विझवले. मग शेपटीकडचा टरेटही जळताना दिसला. तिथे दुसरा तोफची प्राइस होता. भाजलेल्या त्याच हातांनी त्यालाही काढलं. हे कळवायला तो पुढे गेला, तेव्हा त्याच्या कॅप्टनने त्याला ओळखलं नाही. एवढंच लिही. माझा तर इथे दर वेळी घसा दाटतो.

तीन आठवड्यांनी तो गेला, 24 व्या वर्षी. पॉट्सही गेला, प्राइस जगला. दोघांची नावं तुझ्या लेखात नाहीत. ती आलीच पाहिजेत, कारण शेवटी त्याला काळजी त्यांचीच होती. त्याचं थडगं ब्रुसेल्सला आहे, हेही सांग.

बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, 55,573 वैमानिक आणि सहकारी मेले, हा आकडा ठेव, पण थॉम्पसन सांगून झाल्यावर. त्या विमानांखाली हॅम्बुर्गसारखी शहरं जळाली, हजारो माणसं मेली, तेही गाळू नकोस.

आधी नाव, मग आकडा, असा आग्रह का, ते सांगतो. आपल्याकडे सातारा-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत: इथून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. माझ्या आजोळीही तशी एक आहे. लहानपणी तिच्यावर बसून आम्ही बोरं खायचो. नावं विचारावीत हे सुचलं तोवर सांगणारे उरले नव्हते. त्या पाटीसमोर मी आजही नुसता उभा राहतो.

म्हणून याच आठवड्यात वही घेऊन किनरॉसला जा. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोल. ते दुकान कुठे होतं, हे कुणी बोट दाखवून सांगितलं, तर लेख तिथून सुरू कर आणि मला पाठव.

तुझा,
काका