तुमचे प्रश्न: लिनक्सचं घड्याळ तासाला साडेसात मिनिटं पळतंय

प्रश्न: घरी जुना असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट टाकलंय. खालच्या पट्टीतलं घड्याळ तासाला सात-साडेसात मिनिटं पुढे जातं, वाय-फाय चालू असलं की मधेच एकदम मागे येतं आणि परत पळायला लागतं. दुकानदाराने मदरबोर्डवरची बटन बॅटरी बदलली, फरक शून्य. मुलाने या घड्याळाकडे बघून ऑनलाइन टेस्ट घाईघाईत आधीच सबमिट केली, बोलणी मला बसली. हां, मागच्या महिन्यात मशीन फास्ट व्हावं म्हणून ग्रबमध्ये (मशीन लावल्यावर लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कुठूनतरी दोन-तीन ऑप्शन कॉपी केले होते, त्याचा काही संबंध?
– एक वाचक, मिरज

उत्तर: अहो, तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय तिथेच चोर असणार बहुतेक. बॅटरीचं म्हणाल तर ती मशीन बंद असताना लागते, आणि उतरली की वेळ मागे पडते किंवा तारीखच उडते. चालू मशीनवर पट्टीत दिसणारी वेळ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः मोजतो, प्रोसेसरमधल्या टीएससी नावाच्या काउंटरवरून, आणि हा काउंटर किती वेगाने धावतो ते बूट होताना दुसऱ्या टायमरशी ताडून ठरवतो. समजा इथे त्याने २४०० मेगाहर्ट्झ धरलं आणि काउंटर खरा २७०० ने धावतोय, की झालं, दर तासाला बरोबर साडेसात मिनिटं जास्त. नंतरही कर्नल दुसऱ्या टायमरकडे बघून टीएससीवर लक्ष ठेवतो आणि तो भरवशाचा नाही दिसला तर बाजूला काढतो, पण 'टीएससी=रिलायेबल' हा ऑप्शन टाकला की ही तपासणीच बंद. फास्ट करण्याच्या नुस्ख्यांमध्ये तो हमखास असतो!

आधी खात्री करा. नेट बंद करून टर्मिनलमध्ये 'डेट' (कर्नलची वेळ) आणि 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक' (मदरबोर्डवरच्या बॅटरीवाल्या घड्याळाची वेळ) दोन्ही चालवा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, चहा करून या, वीस मिनिटांनी परत दोन्ही बघा. 'डेट' अडीच मिनिटं पुढे आणि दुसरं बरोबर असेल तर हाच प्रकार. नेटवरून वेळ घेऊन हे निभणार नाही, कारण हळूहळू दुरुस्ती करायची एनटीपीची (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) मर्यादा सेकंदाला ५०० मायक्रोसेकंद, म्हणजे दिवसाला जेमतेम ४३ सेकंद. तुमच्याकडे तर दिवसाला तीन तासांचा घोळ. मग ते सरळ काटा ओढून मागे आणतं, तीच तुम्हाला दिसणारी उडी.

आता इलाज. ग्रबच्या फाईलमधून तो ऑप्शन काढा (बाकीचे दोनही काढलेत तर मला बरं वाटेल), 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा, रीस्टार्ट करा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. तरी पळत असेल तर त्याच ओळीत 'क्लॉकसोर्स=एचपीईटी' टाकून बघा (म्हणजे टीएससीऐवजी एचपीईटी नावाचा दुसरा टायमर वापरला जाईल), आणि जुन्या बोर्डावर एचपीईटी नसेलच तर 'एसीपीआय_पीएम', सगळं छोट्या इंग्रजी अक्षरांत. हे दोन्ही टायमर वाचायला टीएससीपेक्षा जास्त वेळ लागतो, पण ब्राउझर आणि ऑनलाइन टेस्टसाठी ते जाणवणारही नाही.

बॅटरी राहू द्या तशीच, नवी आहे, काही वर्षं बघावं लागणार नाही.