सापळ्यातले ते बारीक पतंग

प्रश्न: ताई नमस्कार, कपाशीत कामगंध सापळे लावलेत, तीन-चार दिवस झाले रोज सकाळी एकेका सापळ्यात दहा-बारा बारीक मातकट पतंग असतात. एवढासा पतंग बोंड कसं काय नासवतो? बियाणं बीटीचं, म्हणजे बोंडअळीला टक्कर देणारं आहे, दोन फवारण्याही झाल्या, तरी हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आहेच.
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: दादा, पतंग बोंडाला तोंडही लावत नाही, नासवते ती त्याची अळी. आणि सापळ्यात जे अडकलेत ते सगळे नर, मादीच्या वासाची ल्युअर, म्हणजे आमिषाची गोळी, असते ना म्हणून येतात, मादी तुमच्या शेतात मोकळीच फिरतेय. दिवसा ती पानाखाली, ढेकळांच्या फटीत दडून बसते आणि रात्री पात्या (म्हणजे कळ्या), फुलं, कोवळ्या बोंडांच्या बुडाशी अंडी घालते, एक मादी शंभराच्या वर घालते. तीन ते पाच दिवसांत अळी निघते, तेव्हा ती पांढुरकी असते, आणि थोड्याच वेळात बोंडात शिरते, वरचं भोकही बुजून जातं. म्हणून फवारा तिला लागत नाही हो, औषध बाहेर आणि ती आत सरकी खातेय! दहा-चौदा दिवसांनी गुलाबी होऊन बाहेर पडते, मातीत कोष करते, आठवड्या-दीड आठवड्यात परत पतंग. म्हणजे साधारण महिन्याला एक पिढी.

बीटी-२, म्हणजे बीटीचं सुधारित बियाणं, आपल्याकडे २००६ ला आलं, पण या अळीला ते आता पचतं, २०१७ ला या अळीपायी विदर्भाच्या कपाशीनं काय भोगलं ते तुम्हाला मी काय सांगू.

सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग ही धोक्याची पातळी, तुमची ती ओलांडली. तेव्हा फवारणी आता करायचीच, पण कृषी सहायकांना विचारून औषध बदला, तेच तेच परत मारू नका. न उमललेली, गुलाबासारखी मिटलेली फुलं म्हणजे डोमकळ्या, त्या रोज वेचून जाळा, आत अळी असतेच.

आणि एक कळकळीनं सांगते, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढं ठेवणं, घेऊ नका. हंगाम संपताना ही अळी दोन सरक्या जोडून त्यात झोपी जाते, कित्येक महिने तशीच राहते, पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन उडते. डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, बांधावर रचून ठेवू नका, आणि घरात साठवलेला कवडी, म्हणजे किडका कापूस असेल तर तोही आधी बाहेर काढा.