ट्यूब अँप घ्यायचाय? आधी स्पीकर बघा की

बेळगाव, निपाणी, खानापूर, हल्याळकडनं ट्यूब अँपबद्दल (म्हणजे ट्रांझिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर, म्हणजेच व्हॉल्ववर चालणारा गाण्याचा अँप्लिफायर) बरेच प्रश्न येऊन पडलेत, त्यातले निम्मे तर एकाच धाटणीचे, "कमी पैशात कुठला घेऊ" एवढंच. मॉडेलचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे पण त्यानं तुमचं काम होणार नाही. म्हणून निवडक प्रश्न घेतलेत, ज्यांच्या उत्तरात बाकीच्यांचीपण उत्तरं मिळतील.

सर, माझी खोली १२ बाय १४ ची. स्पीकर ८६ डीबीचे बुकशेल्फ, ८ ओहम. भीमसेनजी, मन्सूर, कुमार असलं गाणं जास्त ऐकतो. बजेट ४० हजार. कुठला ट्यूब अँप घेऊ? (टिळकवाडी, बेळगाव)

तुमच्या प्रश्नात तुम्ही स्पीकरचा आकडा दिलात ओ, तिथंच अर्धं काम झालं, बाकीचे लोक फक्त बजेट सांगतात.

८६ डीबी म्हणजे काय, तर एक वॉट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात, दहापट केले की १०. म्हणजे १० वॉटचा अँप तुम्हाला ९६ पर्यंत नेतो आणि २० वॉटचा ९९ पर्यंत, बस्स. आता घरात माणूस आरामात ऐकतो ते बसल्या जागी ७०-७५ डीबीला, ख्याल तर त्याहून हळू. म्हणजे बहुतेक वेळ तुमचा अँप एका वॉटच्याही आतच काम करतोय. मग जास्त वॉट लागतात कशाला, तर तबल्यावर जोरात थाप पडते किंवा भीमसेनजींची तान एकदम वर उसळते तेव्हा क्षणभर १५-२० डीबीची उडी असते त्यासाठी. तुमच्या खोलीत, तुमच्या स्पीकरवर, ८ ते १२ वॉट आले की झालं.

तेवढे वॉट स्वस्तात देणारी जुनी खात्रीची रीत म्हणजे ईएल८४ व्हॉल्वची पुश-पुल जोडी, म्हणजे दोन व्हॉल्व मिळून एक ढकलतो, एक ओढतो, दर चॅनलला (डाव्या-उजव्या बाजूला) दोन, एकूण चार व्हॉल्व. १० ते १५ वॉट आरामात मिळतात. सिंगल-एंडेड म्हणजे दर चॅनलला एकच पॉवर व्हॉल्व, त्यात ईएल८४ वर ३ ते ५ वॉट, ईएल३४ वर (चिनी बोयू ए१० त्याच जातीतला) पाच-सहा धरून चला. सिंगल-एंडेडचा आवाज गायकीला फार गोड लागतो हे मी मान्य करतो, पण तुमच्या ८६ डीबीवर द्रुत तराण्यात तो दमणार. तोच ३ वॉटवाला ९२ डीबीच्या स्पीकरवर लावला तर तुमच्या १० वॉटइतकाच वाजेल. म्हणून म्हणतो, एक तर ईएल८४ पुश-पुल घ्या नाहीतर स्पीकर विकून हॉर्नवाले क्लिप्शसारखे नव्वदीच्या वरचे घ्या आणि मग लहान अँप. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं केलं असतं.

स्पीकरच्या आकड्यात एक गोम असते. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा. ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा बरेचदा २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो, तेव्हा तो एक नाही, दोन वॉट खातो, म्हणजे कागदावरचे ८९ खरं तर ८६ च. ट्यूब अँपला तसाही ८ ओहमचा सरळ स्वभावाचा स्पीकर लागतो. ज्याचा ओहम मध्येच तीनावर कोसळतो त्याच्यावर बेस ढिला पडतो आणि लोक व्हॉल्वला शिव्या घालतात.

४० हजारात परदेशातनं मागवणार असाल तर वेबसाइटवरच्या किमतीवर कुरिअर, कस्टम, जीएसटी हे सगळं चढतं हे धरूनच हिशोब करा, लोखंड जड असतं, कुरिअरच पुष्कळ होतं. आणि सेल्फ-बायस आहे का ते विचारा, त्याला कॅथोड-बायसपण म्हणतात. बायस म्हणजे गाणं नसतानाही व्हॉल्वमधनं किती करंट वाहायचा त्याचं सेटिंग. त्यात व्हॉल्व बदलला तरी मल्टिमीटर लावून सेटिंग करायला लागत नाही. फिक्स्ड-बायसवाल्यात लागतं, आणि त्यासाठी दरवेळी कोल्हापूर नाहीतर हुबळीला १५ किलोचं धूड घेऊन कोण जाणार सांगा.

ऑनलाइन ६ हजारात ट्यूब अँप दिसतोय, १०० वॉट लिहिलंय, हातावर मावतो, पुढं दोन व्हॉल्व पेटलेले दिसतात. खरा आहे का? (निपाणी)

अँप खरा, ट्यूब नावाला. आत क्लास-डी ची (ट्रांझिस्टरवाल्या अँपची) चिप असते, बहुतेक वेळा टीपीए३११६, वाजवण्याचं सगळं काम ती करते. पुढचे दोन व्हॉल्व (६जे१ वगैरे) सिग्नलच्या वाटेत नुसते उभे केलेले, आणि जो केशरी उजेड तुम्हाला दिसतोय तो पुष्कळदा व्हॉल्वच्या बुडाखाली बसवलेल्या एलईडीचा.

ओळखायचं कसं, तर मागचे लोखंडी डबे मोजा. खऱ्या स्टिरिओ ट्यूब अँपला तीन ट्रान्सफॉर्मर असतात, एक पॉवरचा आणि दर चॅनलला एक आउटपुटचा. कधी तिघांवर मिळून एकच कव्हर असतं, तेव्हा वजन बघा. लॅपटॉपसारखा २४ व्होल्टचा अॅडाप्टर जोडून मिळत असेल तर प्रश्नच मिटला, पॉवर व्हॉल्वच्या प्लेटला (आतल्या धातूच्या पत्र्याला) अडीचशे-तीनशे व्होल्ट लागतात. पैसे खरे जातात ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, काचेत नाही, आणि स्वस्त अँपवाला हात आखडतो तोपण तिथंच. दोन सारख्या वॉटच्या अँपमध्ये निवड करायची वेळ आली तर डोळे झाकून जड असेल तो उचला.

पण ६ हजारात ती चिप वाईट वाजत नाही हां, टीव्हीला, बेडरूमला घ्या खुशाल. ट्यूब म्हणून पाहुण्यांना दाखवू नका एवढंच.

आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही, दिवसा २०० आणि रात्री २४५ व्होल्ट असतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. ट्यूब अँप टिकेल का? इन्व्हर्टरवर चालेल का? (खानापूर तालुका)

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि दुकानदार यावर एक अक्षर बोलत नाहीत.

पुष्कळ चिनी अँपचं वायंडिंग २२० व्होल्टचं असतं. ईएल८४, ईएल३४ असल्या व्हॉल्वच्या फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडं-तिकडं चालतं, म्हणजे वरची हद्द ६.९ च्या आसपास. आता २२० च्या अँपला रात्री २४५ दिले की फिलामेंटला ७ च्या वर जातात, प्लेटचे व्होल्टेज पण त्याच हिशोबानं चढतात, आणि तुम्ही नेमके रात्रीच निवांत गाणी लावून बसलेले. व्हॉल्व दोन वर्षं चालायचा तो वर्षात बसतो आणि मग म्हणायचं चायना माल. माल ठीक होता की ओ, व्होल्टेज जास्त होतं.

उपाय दोन. घेतानाच ट्रान्सफॉर्मरला २३० किंवा २४० चा टॅप (वेगळी जोडणी) आहे का विचारा, असेल तर तो लावून घ्या. नाहीतर घरी चांगला सर्वो स्टॅबिलायझर लावा. फ्रिजचा जुना टकटक करणारा रिलेवाला लावू नका, गाणं चालू असताना त्याची प्रत्येक टकटक स्पीकरमध्ये ऐकू येऊ शकते. अमेरिकेतनं कुणी भाचा-पुतण्या ११० व्होल्टचा अँप घेऊन येणार असेल तर त्याला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झला चालतो का ते आधी विचारायला सांगा, नुसत्या ६० हर्ट्झचा असेल तर स्टेप-डाउन लावूनही तापत राहणार.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असेल तर चालवा. चौकोनी वेव्हचा असेल तर स्पीकरमधनं घुरघुर येणार. ट्यूब अँप हळू आवाजात पण जवळपास तेवढीच वीज खातो जेवढी मोठ्या आवाजात, म्हणजे आवाज कमी केला म्हणून बॅटरी वाचत नाही. लाइट गेली की अँपचा खटका बंद करा, आली की दोन मिनिटं थांबून लावा, पहिला झटका दुसऱ्या कुणाला तरी बसू दे.

पावसाचं म्हणाल तर व्हॉल्वला ओलीचं काही नाही, त्रास होतो तो सॉकेटला, व्हॉल्यूमच्या पॉटला (फिरवायच्या बटणाला), आतल्या हाय व्होल्टेजला. जून ते सप्टेंबर अँप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवायची पद्धत आहे ना, ती सोडा, आत ओल धरते. बाहेरच ठेवा आणि आठवड्यातनं दोन-तीनदा तासभर लावा, स्वतःच्या उष्णतेनं कोरडा राहतो. आणि अर्थिंग! हम (स्पीकरमधली सततची घूं घूं) येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग मी बघितलेत, चेसिसमध्ये ३०० व्होल्ट आहेत, कापू नका. हम घालवायचा तर सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घेऊन बघा, बरेचदा तेवढ्यानं जातो.

आजोबांचा मंडपाचा व्हॉल्वचा अँप माळ्यावर पडून आहे, गणपतीत भोंगे वाजवायचे त्याच्यावर. घरच्या स्टिरिओला लावता येईल का? (शहापूर, बेळगाव)

शहापुरात अजून किती माळ्यांवर असले अँप असतील देव जाणे! पण स्टिरिओला नाही, तो मोनो, एकच चॅनल. शिवाय भोंग्यांसाठी त्याचं आउटपुट बरेचदा १०० व्होल्ट लाइनचं असतं, त्या टर्मिनलला घरचा स्पीकर लावला तर स्पीकर नाहीतर अँप बिघडू शकतो. मागं ४, ८, १६ ओहमचे वेगळे टर्मिनल असतील तर तिथं लागतो. आवाज मात्र भाषणाचा, खालचा बेस आणि वरची किणकिण दोन्ही कमी, कारण त्याचा ट्रान्सफॉर्मर त्याच कामासाठी केलेला.

कुतूहल म्हणून थेट प्लगमध्ये घालू नका. इतकी वर्षं पडलेले कंडेन्सर वाळलेले असतात, लीक झालेला कंडेन्सर व्हॉल्वच्या ग्रिडला (आतल्या जाळीला) चुकीचे व्होल्ट देतो, प्लेट लाल होते आणि व्हॉल्व गेला. जुन्या रेडिओ मेकॅनिककडं द्या, तो सिरीज बल्ब लावून चालू करेल, कंडेन्सर सगळे बदलेल. हात घालायचा तर त्यानंच, बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शॉक मारण्याइतका चार्ज राहतो. आतल्या व्हॉल्ववर बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) शिक्का दिसला तर जपून ठेवा, बेंगळूरला बनायचे ते, आता बनत नाहीत. चालू झाला तर जुन्या मोनो रेकॉर्डी ऐकायला मजा येईल, तेवढ्यासाठी दुरुस्ती जरूर करा.

दादा, घरात ४ वर्षांचा मुलगा आहे. ट्यूब किती तापतात? आणि त्या दरवर्षी बदलायला लागतात म्हणे? (हल्याळ)

ताई, हात लावला तर भाजेल इतक्या तापतात, म्हणून जाळीचं कव्हर असलेलाच अँप घ्या आणि उंचावर ठेवा, मागं-वर मोकळी हवा पाहिजे, शोकेसच्या बंद कप्प्यात नको.

दरवर्षी बदलायला लागत नाहीत. पॉवर व्हॉल्व साधारण २ ते ३ हजार तास धरा, हलक्या हातानं चालवलेला अँप असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. रोज ३ तास म्हणजे वर्षाला हजार-अकराशे तास. लहान व्हॉल्व, ईसीसी८३ वगैरे, कितीतरी वर्षं जातात. नंतर मिळतील का ही भीती पण नको, कारण गिटारवाल्यांच्या अँपमध्ये हेच ईएल८४, ईएल३४ आणि ईसीसी८३ लागतात, त्यांच्या जिवावर स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये अजून कारखाने चालू आहेत. बेंगळूरचा एसपी रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. ईएल८४ ला अमेरिकन नाव ६बीक्यू५, दोन्ही नावांनी शोधा. पुश-पुलला मॅच्ड (मोजून एकसारखी जुळवलेली) जोडीच मागा. ३००बी सारख्या नावाजलेल्या व्हॉल्वच्या नादाला पहिल्या अँपला लागू नका, बदलायची वेळ आली की किंमत ऐकून घाम फुटतो.

स्पीकरची वायर काढून अँप चालू करायचा नाही हे मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ट्रांझिस्टरच्या अँपला त्यानं काही होत नाही, ट्यूब अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोटार रिवायंडिंगवाल्याकडं नीट होत नाही, तो नवाच आणायला लागतो.

१५ हजार आहेत फक्त. ट्यूब घेऊ की थांबू? (अनगोळ)

थांबू पण नका, ट्यूब पण घेऊ नका. १५ हजारात चांगला सेकंडहँड ट्रांझिस्टर अँप येतो, तो घ्या आणि उरलेले स्पीकरवर घाला, पण स्पीकर नव्वदीच्या वरचे, ८ ओहमचे बघा, म्हणजे पुढं ट्यूब घेताना परत स्पीकर बदलायला नको.

मोबाइल ब्लूटूथनं आणि रेकॉर्ड प्लेअर दोन्ही लागतील का ट्यूब अँपला? (वडगाव)

ब्लूटूथसाठी बाहेरनं छोटा रिसीव्हर लावा, आत दिलेला असला तरी बाहेरचा बरा, बिघडला तर तेवढाच बदलता येतो. रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट, त्याला फोनो प्रीअँप (तो सिग्नल वाढवणारा छोटा अँप) लागतो, बहुतेक स्वस्त ट्यूब अँपमध्ये तो नसतो, विचारून घ्या. रेकॉर्डी जुन्या ७८ च्या असतील तर सुईपण वेगळी, जाड टोकाची लागते, एलपीची सुई त्यावर फिरवू नका.