मशीन आपलं, गाळा दुसऱ्याचा

नाणं टाकून चालणारे खेळ दुसऱ्याच्या दुकानात, हॉटेलात किंवा टर्फवर ठेवायचे आणि गल्ला वाटून घ्यायचा, या जोडधंद्याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या प्रश्नांपैकी सहा या अंकात घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

अडीच लाख रुपये बाजूला काढले आहेत. घोडबंदर रोडवर तीन मशिनं ठेवायची आहेत. कोणती घ्यावीत? — वाचक, कासारवडवली

मशीन नंतर ठरवा, आधी जागा ठरवा. मुलाला थांबावं लागतं आणि शेजारी पैसे असलेलं मोठं माणूस बसलेलं असतं, अशी जागा हवी. शनिवारी संध्याकाळी टेबलासाठी नाव लिहून बाहेर ताटकळायला लागतं ते फॅमिली रेस्टॉरंट, लहान मुलांचे केस कापणारं सलून, पुढच्या बॅचची मुलं खोळंबलेली असतात तो टर्फ. याउलट रस्त्यावर गर्दी दिसते म्हणून निवडलेला स्टेशनजवळचा गाळा हमखास फसतो. तिथले लोक घाईत असतात.

एक बुधवार आणि एक शनिवार, संध्याकाळी सहा ते नऊ, त्या जागी बसून मोजा. तीन ते बारा वयाची किती मुलं पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबली? दहातलं एक खेळेल असं धरा. जास्त धरलंत तर स्वतःलाच फसवाल.

आता हिशेब. मशीन ८०,००० रुपयांचं, दिवसाला २५ खेळ, खेळाला १० रुपये असं धरू. महिन्यात २६ दिवस चांगले गेले तर गल्ला ६,५०० रुपये. दुकानदाराचे ३० टक्के, म्हणजे १,९५० गेले. दुरुस्ती आणि पेट्रोलला १,००० ठेवा. उरले ३,५५०. मशीनची किंमत वसूल व्हायला जवळजवळ २३ महिने लागतील. टेडीचं मशीन (पंजाने खेळणं उचलायचं) असेल तर यातूनच टेडीही विकत घ्यायचे आहेत, म्हणून तिथे १० रुपयांत भागत नाही, २० लावावे लागतात.

म्हणून तीन नको, सुरुवातीला एकच घ्या आणि सुटे भाग घरात ठेवा. एक अख्खा कॉइन ॲक्सेप्टर (नाणं ओळखून आत घेणारा भाग), एक पॉवर सप्लाय, दहा मायक्रोस्विच, फ्यूज, पंजाची दोरी आणि दाराचं एक जादा कुलूप. मशीन शनिवारी सातला बंद पडलं आणि भाग सोमवारी ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवरून आणला, तर आठवड्याची निम्मी कमाई गेली असं समजा.

उंचीचंही बघा. टेडीचं मशीन साधारण ८० बाय ८५ सेंटिमीटर, उंची १९० च्या पुढे, वजन १०० किलोच्या आसपास. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत तीन पायऱ्या चढून आत जायचं असेल तर चार माणसं लागतात आणि परत काढतानाही लागतात. बाहेर फुटपाथवर ठेवायला दुकानदार हो म्हणेल, पण ती जागा त्याची नसते. महापालिकेचं अतिक्रमण पथक मशीन उचलून नेतं तेव्हा तो आत गिऱ्हाईक बघत असतो.

‘एका बोर्डात हजार खेळ’ असलेली व्हिडिओ गेमची स्वस्त कॅबिनेट्स शक्यतो टाळा. त्यातल्या बहुतेक खेळांचे हक्क विकणाऱ्याकडे नसतात.

काही १० रुपयांची नाणी मशीन खाली टाकून देतं. गिऱ्हाईक म्हणतं नाणं खोटं आहे, दुकानदार म्हणतो मशीन खोटं आहे. — वाचक, ठाणे पूर्व

दोघंही चुकतात. १० रुपयांच्या नाण्याच्या १४ वेगवेगळ्या नक्षी चलनात असून सगळ्या वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. त्यानंतर २०१९ च्या मालिकेची नवी नक्षीही आली. व्यास सगळ्यांचा २७ मिलिमीटर, पण धातू आणि झीज यांत थोडाफार फरक असतो, आणि ॲक्सेप्टर मोजतो तो नेमका तोच फरक.

तुमचा ॲक्सेप्टर कोणत्या जातीचा आहे ते आधी बघा. एका जातीत समोर खाचेत एक नमुना नाणं बसवलेलं असतं आणि प्रत्येक नाण्याची तुलना त्याच्याशी होते. या जातीत नमुना बदलणं एवढाच इलाज. अगदी कोरं आणि अगदी झिजलेलं, दोन्ही नमुने वाईट. मधलं नाणं बसवा. दुसऱ्या जातीत बाजूला छोटा आकड्यांचा पडदा आणि बटणं असतात. त्यात नाणी ‘शिकवावी’ लागतात. इथे बहुतेकांची चूक ही होते की बँकेतून आणलेल्या एकाच पुडीतली वीस नाणी शिकवतात. ती सगळी एका वर्षाची असतात. दुकानाच्या गल्ल्यातली वीस घ्या, जुनी-नवी, मळकी-चकचकीत मिसळून.

शिकवून झाल्यावर अचूकतेचा आकडा येतो, बहुतेक बनावटींत १ ते ३०. आकडा जितका लहान तितकी परीक्षा कडक. ५ ते १० मध्ये ठेवा. नाणी परत येतात म्हणून लोक तो थेट २५ करून टाकतात आणि मग वेगळाच घोळ होतो. २० रुपयांचं नाणंही २७ मिलिमीटरचंच आहे. १० च्या नाण्याचं कडं पिवळं आणि मध्य पांढरा, २० चं नेमकं उलट, शिवाय कडेला बारा बाजू. खाचेत मात्र दोन्ही सारखीच बसतात. परीक्षा सैल केली की २० चं नाणं १० म्हणून आत जातं आणि भांडण काउंटरवर होतं.

५ रुपयांवर मशीन लावू नका. जुनं ९ ग्रॅमचं जाड नाणं, नंतरचं ६ ग्रॅमचं स्टीलचं, मग पिवळं, मग २०१९ चं आकाराने मोठं, इतके प्रकार एका ॲक्सेप्टरला नीट शिकवता येत नाहीत.

नाणं आत जातं पण खेळ सुरू होत नाही, ही तक्रार वेगळी. ॲक्सेप्टर प्रत्येक नाण्याला एक विजेचा ठोका पाठवतो. ठोक्याची लांबी तीन पायऱ्यांची असते आणि मागे छोट्या स्विचने बदलता येते. बोर्ड जुना असेल तर सगळ्यात लांब ठोका लावून बघा. एका नाण्याला दोन खेळ मिळत असतील तर उलट करा. तरीही जमलं नाही तर १२ व्होल्टची लाइन मोजा. ११ च्या खाली गेली असेल तर दोष पॉवर सप्लायचा आहे, ॲक्सेप्टर फेकू नका.

माझ्या मिठाईच्या दुकानात एकाने मशीन ठेवलंय. दर महिन्याला येतो, डबा उघडतो, मोजतो आणि ३० टक्के देतो. खरं किती जमलं हे मला कसं कळावं? — वाचक, नेरुळ

डब्यातली नाणी मोजून वाटणी करू नका, मीटर बघून करा. प्रत्येक चांगल्या मशीनमध्ये शून्यावर आणता न येणारा छोटा यांत्रिक काउंटर असतो किंवा बसवून घेता येतो. ॲक्सेप्टरमधून त्याच्यासाठी वेगळी वायर येते. आजचं वाचन वजा मागचं वाचन, आलेला फरक गुणिले खेळाचा दर. काउंटर म्हणतो ६१२, डब्यात निघाले ५,९८०, तर १४ नाण्यांचा फरक आहे. दुरुस्तीवाल्याने चाचणीसाठी टाकलेली नाणी बाहेर काढून घेतली असतील तर एवढा फरक पडतो. मात्र डबा दर वेळी काउंटरच्या मागे पडत असेल तर कोणाच्या हातात किल्ली आहे ते बघा.

किल्ल्या दोन वेगळ्या असाव्यात. मागच्या दाराची दुरुस्तीसाठी, नाण्यांच्या डब्याची फक्त वसुलीसाठी. वसुली दोघांच्या समोर, वहीत दोन्ही वाचनं आणि दोन सह्या. मोबाइलवर काउंटरचा फोटो काढलात तर आणखी बरं.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा. त्यात चार गोष्टी असू द्या. वीज कोण भरणार, मशीन बंद पडल्यावर किती तासांत दुरुस्त होणार, मशीनची मालकी कोणाची आणि किती दिवसांच्या सूचनेने उचलायचं. वीज फार नाही. १२० वॉटचं मशीन १२ तास चाललं तर दिवसाला दीड युनिटच्या आत. पण दुकानाचा दर व्यापारी असतो, म्हणून ते आधीच वाट्यात धरलेलं बरं.

टेडीचं मशीन जुगारात मोडतं का? परवाना लागतो का? आणि पंजा किती सैल ठेवावा? — दोन वाचक, वाशी आणि खारघर

महाराष्ट्राचा जुगारबंदी कायदा १८८७ चा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही. टेडीचं मशीन यात कुठे बसतं हे बरंचसं तुमच्या सेटिंगवर आहे. बहुतेक मशिनांत ‘इतक्या खेळांमागे एकदा जोरात पकड’ असा आकडा भरता येतो. तो आकडा भरला की जिंकणं खेळणाऱ्याच्या हातात उरत नाही, आणि ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे तुमचं म्हणणंही लटकं पडतं. आमचा सल्ला असा की हा आकडा बंद करा, पकड कायम एकसारखी ठेवा आणि खर्चाचं नियंत्रण टेडीच्या आकारावर आणि रचण्यावर करा. घट्ट रचलेले टेडी कठीण, मोकळे रचलेले सोपे.

टेडी घाऊक भावात ९० ला पडला, खेळ २० रुपयांचा आणि बक्षिसावर गल्ल्याच्या ३० टक्के खर्च करायचा तर एक टेडी ३०० रुपयांमागे जायला हवा, म्हणजे १५ खेळांमागे एक. दर आठवड्याला काउंटर आणि गेलेले टेडी ताडून बघा. आठ खेळांमागे जात असेल तर थोडे घट्ट रचा. तीस खेळांमागे जात असेल तरीही रचना बदला, कारण जे मशीन काहीच देत नाही त्याकडे सोसायटीतली मुलं दुसऱ्या आठवड्यानंतर फिरकत नाहीत.

संध्याकाळी उशिरा पकड सैल वाटते, अशी तक्रार असते. पंजाची कॉइल तापली की तिच्या तांब्याचा रोध वाढतो, प्रवाह कमी होतो आणि पकड ढिली पडते. मशीन भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ओढा, मागची जाळी पुसा. सकाळी गार मशीनवर सेटिंग करू नका, तासभर चालल्यावर करा.

बक्षीस म्हणून रोख रक्कम, मोबाइल किंवा टेडी परत घेऊन पैसे, यांतलं काहीही नको. दुकानदाराने हौसेने सुरू केलं तरी मशीन उचलून आणा.

परवान्यासाठी दोन दारं ठोठवा. पोलीस आयुक्तालयाची परवाना शाखा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक शाखा. खारघरच्या वाचकांनी लक्षात ठेवावं की बेलापूरच्या पुढे जिल्हा बदलतो. पोलीस नवी मुंबईचेच, महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड, म्हणजे कार्यालय अलिबागला. अर्ज लेखी करा आणि उत्तर लेखीच घ्या. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही.

पावसाळा लागल्यापासून लहान मुलांच्या हलणाऱ्या गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात. मेकॅनिक मोटर बदला म्हणतो. — वाचक, कळवा

हे वाचत असाल तर आधी प्लग काढा. मोटरचं नंतर.

बहुतेक वेळा मोटर ठीक असते, अर्थिंग नसतं. दुकानात दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर गाडी लावलेली असते. पॉवर सप्लायच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि अर्थ तुटलेला असेल तर त्यांच्यामुळे सांगाड्यावर मीटरला १०० ते ११५ व्होल्ट दिसतात. उन्हाळ्यात कोरड्या चपलेत ते जाणवत नाहीत. ओल्या लादीवर अनवाणी मुलाला जाणवतात.

सॉकेटवर मीटर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. अर्थ सापडला नाही तर त्या गाळ्यात गाडी चालवायची नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असो. अर्थ मिळाल्यावर गाडीसाठी स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. साधा एमसीबी माणसाला वाचवत नाही. आरसीसीबी पडू लागला तर मात्र मोटरमध्ये ओल शिरली आहे. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) एक मेगाओमपेक्षा कमी दाखवत असेल तर वाइंडिंग सुकवून वार्निश करून घ्या.

रिकामी गाडी हलते पण मूल बसलं की नुसती घूं घूं करते, ही तक्रारही याच मोसमातली. मोटरचा कपॅसिटर उतरलेला असतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा लावा, आणि जुन्याला हात लावण्याआधी त्याची टोकं रोधक लावून रिकामी करा.

महिन्याला हजारभर नाणी जमतात. बँक घ्यायला का-कू करते. यूपीआय लावलं तर नाण्यांची कटकट संपेल का? — वाचक, कोपरखैरणे

हजार नाणी म्हणजे ७.७ किलो, पिशवीत न्यायला अवघड नाहीत. शंभर-शंभरच्या पारदर्शक पुड्या करून, स्लिप भरून, सकाळी अकराच्या आधी जा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार शाखेने नाणी घ्यायलाच हवीत. त्याहून सोपा मार्ग म्हणजे दुकानदारालाच द्या. सुट्ट्याची गरज त्यालाही असते. तो नोटा देतो, तुमची फेरी वाचते.

यूपीआयची डबी ॲक्सेप्टरच्या त्याच ठोक्याच्या वायरीला समांतर जोडता येते, पण नाण्याची खाच काढू नका. दहा वर्षांच्या मुलाकडे फोन नसतो, आजोबांनी दिलेलं नाणं असतं. डबी घेताना दोनच गोष्टी विचारा. पैसे कापले आणि खेळ सुरू झाला नाही तर परतावा कोण आणि कसा देणार? आणि डबीतल्या सिमला तुमच्या गाळ्यात रेंज येते का? तळघरातल्या किंवा मॉलच्या आतल्या गाळ्यात आधी त्याच कंपनीचं सिम घालून साध्या फोनवर बघून घ्या.