मंडळीने वर्षभरात संपूर्ण बायबल एकत्र वाचायचे असेल, तर तयारी कशी करावी?

आपल्या चर्चच्या पंचांनी (कारभार पाहणाऱ्या समितीने) येत्या जानेवारीपासून संपूर्ण बायबल मंडळीने, म्हणजे चर्चमधील सर्वांनी, मिळून वाचण्याचा ठराव केला आहे, वेळापत्रक तयार करण्याचे काम आपल्याकडे आले आहे आणि फेब्रुवारीपर्यंत निम्मे लोक गळतील अशी धास्ती आपल्याला वाटते, असे आपण लिहिले आहे. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ग्रामीण मंडळीत बरीच वर्षे पंच म्हणून सेवा करत आहे. आमच्याकडे असे वाचन दोनदा झाले. पहिल्या वेळी ते फसले, दुसऱ्या वेळी प्रकटीकरणापर्यंत, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापर्यंत, पोहोचले. त्या अनुभवावरून सांगतो की वेळापत्रकाचे काम चार संध्याकाळींत होते. ज्यांनी ऐकायचे आहे त्यांची तयारी करायला मात्र तीन महिनेही कमीच पडतात.

आमचे पहिले वर्ष कसे गेले ते आधी सांगतो. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर आम्ही प्रत्येक कुटुंबाच्या हातात एक छापील तक्ता दिला. पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून, सरळ वाचत जायचे, रोज तीन-चार अध्याय. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तके आणि 1189 अध्याय आहेत, म्हणजे 365 दिवसांत दिवसाला सव्वातीन अध्यायांहून किंचित अधिक पडतात. (आपली मंडळी कॅथॉलिक असेल तर पुस्तके 73 होतात आणि पुढचा सगळा हिशोब त्याप्रमाणे बदलावा लागेल.) या गतीने जानेवारीच्या अखेरीस लेवीय (यज्ञ आणि शुद्धाशुद्धतेच्या नियमांचे पुस्तक) सुरू होते, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मंडळी राजांच्या पहिल्या पुस्तकात किंवा त्याच्या आसपास असते, आणि मत्तयाचे शुभवर्तमान उघडायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो. नऊ महिन्यांहून अधिक काळ ख्रिस्ताचे चरित्र हाती न घेता ख्रिस्ती मंडळीने वाचत राहावे, अशी मांडणी आम्ही केली होती आणि ती करताना कोणाच्याही हे लक्षात आले नाही. पण माणसे गळाली त्याचे मूळ कारण हेही नव्हते. तक्ता घरोघरी गेला आणि प्रत्येक जण आपापल्या घरात एकटा पडला. जो चार दिवस मागे राहिला तो सोळा अध्यायांच्या ओझ्याकडे पाहून लाजला, आणि लाजलेला माणूस बुधवारच्या प्रार्थनासभेलाही येईनासा झाला.

दुसऱ्या वेळी आम्ही आठवड्याचा हिशोब धरला. तो इतका सोयीचा निघाला की आपणही तो करून पाहावा. नव्या करारात 260 अध्याय आहेत. 52 आठवड्यांनी भागले की आठवड्याला बरोबर पाच येतात. जुन्या करारात 929 अध्याय आहेत. त्यांतून 150 स्तोत्रे बाजूला काढली तर 779 उरतात, म्हणजे आठवड्याला पंधरा धरले की वर्षाअखेर एक अध्यायाची जागा शिल्लक राहते. स्तोत्रे आठवड्याला तीन. म्हणून सोमवार ते शुक्रवार रोज जुन्या करारातील तीन आणि नव्या करारातील एक अध्याय, शनिवारी तीन स्तोत्रे, आणि रविवारी नवे वाचन काहीही नाही. स्तोत्रांसाठी 156 जागा मिळतात, म्हणून 176 वचनांचे 119वे स्तोत्र तीन-चार तुकड्यांत वाटता येते. मोठ्याने, सावकाश वाचले तर रोजचे वाचन वीस-पंचवीस मिनिटांत होते.

नव्या करारातील पुस्तके छापील क्रमानेच घेतली पाहिजेत असे नाही. आम्ही मार्कापासून सुरुवात केली, कारण ते सर्वांत लहान शुभवर्तमान आहे आणि त्यात घटना भराभर घडतात. योहानाचे शुभवर्तमान ईस्टरआधीच्या उपवासकाळात येईल असे पाहिले. आणि इब्री लोकांस पत्र सहाव्या आठवड्यात सुरू केले, म्हणजे निवासमंडप, याजक आणि यज्ञ यांविषयी निर्गम व लेवीय यांत जे वाचायचे त्याच्या शेजारीच हे पत्र राहिले. जुन्या करारातही जमेल तेथे संदेष्ट्यांना त्यांच्या काळाजवळ आणून बसवावे. एज्राच्या पाचव्या अध्यायात हाग्गय आणि जखऱ्या यांची नावे येतात. तेथेच थांबून त्या दोघांची पुस्तके वाचली, की बंद पडलेले मंदिराचे काम पुन्हा कशाने सुरू झाले हे ऐकणाऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही.

आता तयारीविषयी. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पाणीवेशीसमोरच्या चौकात, खास त्यासाठी केलेल्या लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. समोर पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, आणि ऐकून समजू शकतील असे सर्व आहेत. लेवी (मंदिरात सेवा करणारे) लोकांना अर्थ समजावून सांगत आहेत. पंचांच्या पहिल्या बैठकीत आपण सर्वांनी हा अध्याय मोठ्याने वाचावा अशी माझी विनंती आहे, कारण मंडळीने एकत्र वाचायचे म्हणजे काय, याचे सगळे घटक त्यात आहेत: वाचणारा, ऐकणारे, समजावणारे, आणि सर्वांना पुरेल इतका वेळ. शास्त्र हातात घेऊन एकट्याने, मनातल्या मनात वाचणे ही सोय छपाईनंतर सर्वसामान्यांना मिळाली. पौलाची पत्रे मंडळ्यांनी ऐकली. कलस्सै येथील मंडळीला लिहिलेले पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जावे, असे तो स्वतः लिहितो. आपल्याकडेही अनेक गावांत शास्त्र पोहोचले ते बायबल स्त्रियांच्या, म्हणजे घरोघरी जाऊन शास्त्र सांगणाऱ्या ख्रिस्ती सेविकांच्या, वाचून दाखवण्यातून. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती आणि तिला दहा-बारा स्तोत्रे तोंडपाठ होती.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरभेटी कराव्यात आणि प्रत्येक घरात काही साध्या गोष्टी विचाराव्यात. घरात वाचता येईल अशा स्थितीतले शास्त्र आहे का, कोणाला मोठ्या अक्षरांची प्रत लागेल, कोणाला अजिबात वाचता येत नाही, कोणाची नजर गेली आहे, वर्षातले कोणते महिने कोण गावाबाहेर असते. आम्हाला या भेटींत कळले की कितीतरी घरांत बायबल आहे, पण ते लग्नात मिळालेले, बारीक अक्षरांचे आणि कपाटात कापडात बांधून ठेवलेले आहे. काही ज्येष्ठांना बायबलापेक्षा चष्म्याची गरज होती. तरुण संघाने वर्गणी काढून ती भागवली. आमच्यातली काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्चअखेर परततात. जानेवारीत सुरू होणारे वाचन त्यांच्यावाचून सुरू होणार होते. त्यांच्यासाठी आमच्या वाचकांनी रोजचे अध्याय मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवले, आणि कोपीवर (ऊसतोड कामगारांच्या झोपडीवर) रात्री भाकरी होत असताना ते ऐकले जाऊ लागले. पुढे असे झाले की गावातले लोकही तेच ध्वनिमुद्रण मागू लागले.

भाषांतराचा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा, नाहीतर तो वर्षभर कुरबुरीचे कारण होतो. मराठीत नव्या कराराचे छापील भाषांतर 1811 साली विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून काढले (बंगालमधले श्रीरामपूर, आपल्या जिल्ह्यातले नव्हे), आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीने हे काम पुन्हा हाती घेतले आहे. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. ज्येष्ठांचे कान जुन्या भाषांतराला सरावलेले असतात, त्यांतली वचने त्यांना पाठ असतात. मुलांना त्याच ओळी अडतात. आम्ही एकत्र वाचनासाठी बायबल सोसायटीचे प्रचलित भाषांतर ठेवले, घरी कोणी कोणते वाचावे याचे बंधन ठेवले नाही, आणि रविवारच्या बैठकीत एखादा उतारा दुसऱ्या भाषांतरातून वाचून दाखवण्याची मुभा दिली. वाद तेथेच मिटला.

वाचकांची तयारी हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि त्यावर मी हट्टाने भर देईन. बारा-चौदा जण निवडावेत, त्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, शाळकरी मुलेही असावीत. त्यांनी आपला अध्याय आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचलेला असावा. नबुखद्नेस्सर किंवा मेफीबोशेथ या नावापाशी वाचणारा अडखळला की ऐकणाऱ्यांचे लक्ष नावावरच अडकते आणि गोष्ट निसटते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे आरंभीचे नऊ अध्याय जवळजवळ सगळे वंशावळींचे आहेत. ते गाळावेत असे आमच्यातही काहींचे मत होते. पण एका निवृत्त शिक्षिकेने ते अशा धीम्या सुरात वाचले की जणू हजेरीपटावरची तिच्या ओळखीचीच मुले ती पुकारत आहे, आणि तिचे वाचन संपेपर्यंत कोणी उठले नाही.

लेवीयाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याला गळतीची भीती तेथेच वाटत असणार. तेराव्या अध्यायात त्वचारोगाचे नियम आहेत. ज्याला अशुद्ध ठरवले त्याने फाटके कपडे घालून, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत, छावणीबाहेर एकटे राहावे असे तेथे सांगितले आहे. हा अध्याय कंटाळवाणा होईल असे आम्ही धरून चाललो होतो. आमच्या मंडळीतील बहुतेक घराणी अशी आहेत की ज्यांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते आणि ज्यांची सावलीही विटाळ मानली जात होती. त्या शुक्रवारी वाचन संपल्यावर एक आजी म्हणाल्या, “हे तर आपलंच हाये.” मग त्या रात्री घरसभेत ज्या आठवणी निघाल्या त्या त्यांच्या मुलांनीही पूर्वी ऐकल्या नव्हत्या. आमच्या तक्त्याप्रमाणे पाचव्या दिवशी, बुधवारी, इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय आला. त्यात येशूने वेशीबाहेर दुःख सोसले आणि म्हणून आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जावे, असे लिहिले आहे. पाळकसाहेबांनी त्यावर काहीही भाष्य केले नाही. तशी गरजच उरली नव्हती.

सगळेच अवघड भाग असे उलगडत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यहोशवातील संहार, शास्ते पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय, 137व्या स्तोत्राचा शेवट ऐकून माणसे अस्वस्थ होतात आणि त्यांनी व्हावे. लहान मुले घरात असतील तर पालकांना आदल्या रविवारी कल्पना द्यावी. प्रश्न विचारणाऱ्याला विश्वासात कमी लेखू नये. ‘वाटाड्या नसेल तर मला कसे समजेल?’ असे रथात शास्त्र वाचत बसलेल्या कूशी (इथिओपियाच्या) षंढाने सुवार्तिक फिलिप्पाला विचारले तेव्हा फिलिप्प त्याच्या रथात जाऊन बसला. आपल्याकडेही असे शेजारी बसणारे दोन-तीन जण आधीपासून नेमलेले असावेत, आणि ‘मलाही हे समजत नाही’ असे म्हणण्याची त्यांची तयारी असावी.

मागे पडणाऱ्यांसाठी आम्ही एकच नियम केला व तो दर रविवारी जाहीर केला: राहिलेले भरून काढू नका, आजच्या अध्यायावर या. कोणाचे किती झाले याचा तक्ता भिंतीवर लावला नाही, शेवटी प्रमाणपत्रे दिली नाहीत. स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 साली आपल्या मंडळीसाठी वार्षिक वाचनाचा एक क्रम आखला. त्यात जुना करार एकदा, आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात, आणि तो आजही जगभर वापरला जातो. हा क्रम देताना त्यांनी फायदे सांगण्याआधी धोके सांगितले आहेत: निव्वळ उपचार उरणे, स्वतःच्या धार्मिकतेचा अभिमान वाटणे, निष्काळजीपणे वाचणे, आणि काहींना हे जोखड पेलण्यापलीकडचे होणे. आपल्या तक्त्याच्या पहिल्या पानावर हे चार धोके मराठीत छापावेत असे मला वाटते.

पाळकांशीही आताच बोलून ठेवावे. रविवारचा उपदेश त्या आठवड्याच्या वाचनातून झाला तर वाचणाऱ्याला आपण योग्य वाटेवर असल्याचे कळते आणि न वाचणाऱ्यालाही धागा सापडतो. मात्र त्यासाठी पाळकांना वर्षाचा तक्ता नोव्हेंबरमध्येच हवा, आणि उपासनेचे ठरलेले शास्त्रपाठ कोणत्या रविवारी कायम ठेवायचे हे त्यांनीच ठरवावे. संडे स्कूल आणि महिला मंडळ यांनाही तोच तक्ता द्यावा.

शेवटच्या दिवसाचा विचार आम्ही उशिरा केला, आपण आधी करावा. यहुदी सभास्थानांत वर्षभर चालणारे तोराचे (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचे) वाचन ज्या दिवशी संपते त्याच दिवशी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून ते पुन्हा सुरू होते. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजालाही हा दिवस परिचित आहे. आम्ही 31 डिसेंबरच्या रात्री प्रकटीकरणाचा बाविसावा अध्याय वाचला आणि लगेच उत्पत्तीचा पहिला. तो वाचायला ऊसतोडीहून एका रात्रीसाठी एक मुलगा आला होता. वर्षभर त्याने एकही अध्याय पुस्तकातून वाचला नव्हता, सगळे कानांनी ऐकले होते.