दीडशे शब्दांचा अर्ज

"मॅडम, आधी सगळं नीट शिकून घेते. मग बातमीला हात घालते." मालवणकडची ती चोवीस वर्षांची मुलगी माझ्याकडे समुपदेशनाला दुसऱ्यांदा आली तेव्हाही हेच म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) ती एका छोट्या न्यूज पोर्टलवर काम करते. शोधपत्रकारिता शिकायचीय. मोबाइलमध्ये सात ऑनलाइन कोर्स सुरू केलेले, पुरा एकही नाही. मग हळूच, "माका ह्या जमाचा नाय."

एवढं सगळं येत नाही तर सुरुवात कशी करू, हा प्रश्न घेऊन बरीच मुलं येतात. शिकायला हवंच. पण सात कोर्स म्हणजे मला शिकणं वाटेना, लपणं वाटलं. विचारलं, स्वतःची शेवटची बातमी कधी दिलीस?

मे २०२१, तौक्ते वादळ. व्हॉट्सॲपवर आलेला मोडक्या होड्यांचा फोटो तिने आपल्या किनाऱ्याचा म्हणून टाकला. तो निघाला आदल्या वर्षीच्या निसर्ग वादळातला, श्रीवर्धनकडचा. एका वाचकाने दाखवून दिलं, पोर्टलने गुपचूप बातमी काढली आणि तिने लिहिणंच सोडलं.

"नेमकं काय करायचं राहिलं, ते लिही." तिने लिहिलं, 'मी बेजबाबदार.' ते खोडायला लावलं. मग उरल्या दोनच गोष्टी: फोटो गूगलवर टाकून आधी कुठे आलाय का ते पाहिलं नाही, आणि पाठवणाऱ्याला "तूच काढलास का? कधी?" असं विचारलं नाही. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम. बराच वेळ ती त्या कागदाकडे बघत राहिली.

पुढे विषय तिनेच काढला: किनाऱ्यावरची बेकायदा बांधकामं. अख्ख्या किनाऱ्यावरची! मी पत्रकार नव्हे, पण आमच्या सामायिक जमिनीपायी माहिती अधिकाराचे अर्ज केलेत. (कोकणातला माणूस सातबारा वाचायला हौसेने शिकत नाही.) महाराष्ट्रात या अर्जाला नियम आहे: विषय एकच, आणि शब्द साधारण १५० च्या आत. त्यावर मीही चरफडले होते. हिच्यासाठी मात्र तोच उपयोगी पडेल असं वाटलं.

तिने एकच सर्व्हे नंबर धरला. महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर सातबारा पाहिला, गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं मागे-पुढे करून इमारत कधीच्या सुमारास उभी राहिली ते टिपलं. अर्जाच्या पहिल्या मसुद्यात होतं, "परवानगी का दिली?" आता 'का'चं उत्तर द्यायला कार्यालय बांधील नसतं, दप्तरी कागद असेल तर त्याची प्रत मागता येते. म्हणून झालं, "परवानगीची प्रत मिळावी." १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज ग्रामपंचायतीत गेला.

उत्तराची मुदत ३० दिवस. त्या काळात ती एकदा घाबरीघुबरी आली. ज्यांचं बांधकाम, त्यांची मुलगी तिच्या वर्गातली. ही भीती मात्र मी खोडायला सांगितली नाही. गावात राहायचं तर ती खरीच असते. संपादकाला सगळं आधी सांगायचं आणि चौकशीला एकटीने जायचं नाही, एवढं ठरवलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं: 'सदर माहिती कार्यालयात उपलब्ध नाही.' मी समजूत घालायच्या तयारीत होते. तिचा फोन आला तो भेटीची वेळ बदलायला.

"मंगळवारी नाय जमाचा मॅडम. पंचायत समितीत अपील देवचा आसा."